माझी सासू, निनादचा ठसा

"सदर लेखन श्री. निनाद देवस्थळी यांचे आहे. जुळणी सत्त्याण्णव टक्के. आपण ते स्वतःच्या नावाने सादर केल्याबद्दल आपल्याला पहिली समज देण्यात येत आहे."

हे वाचलं आणि चहाचा कप इतक्या जोरात टेबलावर आपटला की त्याचा कान तुटला. समज! मला! माझ्याच पुस्तकाबद्दल!

सदर लेखन म्हणजे काय, तर माझ्या सासूबाईंवरचं पुस्तक. 'एका गॅसवर दोघी'. सासूबाई आणि मी सोळा वर्षं एका स्वयंपाकघरात भांडलो. आमटीत गूळ किती, कणीक कोणी मळायची, दुधावरची साय कोणाच्या वाटीत, काही म्हणून सोडलं नाही. मग त्या अंथरुणाला खिळल्या आणि त्यांना माझ्याशिवाय कोणाच्या हातून खायचं नव्हतं. हेमंतच्या, म्हणजे त्यांच्या सख्ख्या मुलाच्या हातूनसुद्धा नाही. त्या गेल्या, आणि मी पहिल्यांदा स्वतःसाठी लिहायला बसले. उर्मिलाताई भागवतांनी हस्तलिखित वाचलं, फोनवर रडल्या आणि म्हणाल्या, "तृप्ती, छापतेय मी. फक्त ठशाचा दाखला तेवढा आणून दे."

आणि दाखल्यात हे. निनाद देवस्थळींनी माझ्या सासूबाईंना पाहिलं होतं एकदाच, आमच्याकडे जेवायला आले होते तेव्हा. तेही पूर्ण वेळ फोनवर होते. सासूबाई मागून म्हणाल्या होत्या, "हा माणूस जेवला की नुसतं तोंड हलवत होता?"

ठसा ही काय भानगड आहे ते सांगते, कारण अजूनही काही लोकांना तो अंगठ्याचा वाटतो.

माणूस विषय बदलतो, शब्द बदलतो, पण लिहिण्याच्या काही सवयी त्याला बदलता येत नाहीत, कारण त्या आपल्याला आहेत हेच त्याला ठाऊक नसतं. तुम्ही 'पण' म्हणता की 'मात्र'. 'च' कुठे चिकटवता. लांब वाक्यानंतर छोटं वाक्य कधी टाकता. क्रियापद कधी गाळता. अशा हजारो बारीक सवयी एकत्र मोजल्या की त्यांचा जो आकार तयार होतो तो प्रत्येकाचा वेगळा असतो. ओळखीचं माणूस आपण लांबून नुसत्या चालीवरून ओळखतो ना, तसंच. यंत्रानं केलेली नक्कलही सापडते, कारण यंत्र चुकलं तरी एकसारखं चुकतं. माणूस दर वेळी निराळा चुकतो.

काही वर्षांपूर्वी यंत्रांनी लिहिलेल्या मजकुराचा पूर आला. कोणाच्याही नावानं कोणालाही 'आई, अडचणीत आहे, लगेच मदत पाठव' असे निरोप यायला लागले. तेव्हा ठसा मंडळ स्थापन झालं. अलीकडे तर प्रत्येक फोन आलेला मजकूर आधी तपासतो. लिहिणारा आणि पाठवणारा एकच असेल तर वर हिरवी पट्टी, नसेल तर लाल. लाल पट्टीचं कोणी वाचत नाही, छापत नाही, मानत नाही.

इथवर सगळं ठीक. पण माणसाचा ठसा पहिल्यांदा घ्यायचा कशावरून? मंडळानं ठरवलं, ज्याच्या नावानं जे जाहीर प्रसिद्ध झालंय त्यावरून. खाली नाव आहे, म्हणजे लिहिलंही त्यानंच. वा रे शहाणे! आमच्या मार्केटिंगच्या धंद्यात लिहितो एक, नाव दुसऱ्याचं. तिथला एक माणूस जरी त्या बैठकीत असता तर हसून हसून खुर्चीवरून पडला असता.

खरं सांगायचं तर होता. कंटेंट मार्केटिंगमधले मान्यवर म्हणून सल्लागार समितीवर निनाद देवस्थळी होते. ते गप्प बसले.

निनाद देवस्थळी म्हणजे कोण हे मार्केटिंगवाल्यांना सांगायला नको. जाहिरात करू नका, गोष्ट सांगा; ग्राहकाला गाठू नका, त्याच्या घरात जाऊन बसा; हे सगळं सांगणारे तेच. लाखो लोक रोज सकाळी त्यांचं टिपण वाचून कामाला लागतात. लोणच्याच्या कंपनीपासून विम्याच्या कंपनीपर्यंत सगळे त्यांना विचारून तोंड उघडतात. आणि त्यांचा लाडका विषय काय? अस्सलपणा. 'तुमचा आवाज हीच तुमची पुंजी', हे त्यांचं वाक्य बाणेरमधल्या त्यांच्या ऑफिसच्या भिंतीवर हातभर उंच अक्षरांत लावलंय.

ते वाक्य माझं आहे. आमच्या बाल्कनीत कपडे वाळत घालताना सुचलेलं.

नऊ वर्षं मी त्यांचं सगळं लिहीत आले होते. सकाळी गाडीतून त्यांचा व्हॉइस मेसेज यायचा, "तृप्ती, आज विश्वासावर काहीतरी टाक ना." की मी त्यांच्या खात्यात शिरायचे, लिहायचे आणि पोस्ट करून टाकायचे. कधी तर "आज तूच बघ" एवढंच. त्यांची पुस्तकं मी लिहिली, भाषणं मी लिहिली, त्यांच्या आईच्या पंचाहत्तरीला त्यांनी डोळ्यांत पाणी आणून वाचलेलं पत्रही माझंच. गुप्ततेच्या करारावर सही केली होती, काम आवडत होतं, आणि माझं नाव खाली नाही याचं मला फारसं काही वाटत नव्हतं. नाव गेलं तर गेलं. आवाजही सोबत जाईल हे कोणाच्या डोक्यात येणार?

तो मात्र गेला. माझ्या नावानं जाहीर असं काहीच नव्हतं, त्यांच्या नावानं मी लिहिलेली हजारो पानं होती. साताऱ्याला बहिणीला साधा निरोप पाठवला, 'ताई, पापड मिळाले, मीठ जरा जास्त झालंय', तर वर लाल पट्टी. तिचा लगेच फोन, "तृप्ते, हा निनाद कोण? आणि त्याला माझ्या पापडांचं काय करायचंय?"

मंडळाच्या मदत क्रमांकावर फोन लावला तर सखी नावाचं यंत्र बोलायला आलं. आवाज असा गोड, की ऐकूनच पित्त उसळावं.

"आपली अडचण मी समजू शकते, तृप्तीताई."

"समजली असेल तर सांग. माझ्या सासूबद्दल त्या माणसानं कसं लिहिलं असेल?"

"लेखक कल्पनेनं अनेक नाती रंगवतात."

"अगं कल्पना कसली! त्या इथे राहत होत्या, या घरात! त्यांचा चष्मा अजून फ्रिजवर आहे!"

"ठशाच्या मालकानं स्वतः निवेदन दिलं तर ठसा आपल्या नावे करता येईल. तोपर्यंत आपल्याला वेगळी शैली विकसित करता येईल. त्यासाठी आमची चार आठवड्यांची कार्यशाळा आहे."

मी फोन ठेवला. पण माणूस हताश झाला की काहीही करतो. मी खरंच शैली बदलून पाहिली. 'च' काढून टाकला, वाक्यं लांबवली, जिथे चटका द्यायचा तिथे मुद्दाम गोल गोल फिरले. दाखला हिरवा आला. आणि पुस्तकातल्या सासूबाई भिंतीवरच्या फोटोसारख्या झाल्या. मरणाच्या आदल्या दिवशी त्या मला म्हणाल्या होत्या, "तुझी आमटी कधीच जमली नाही, पण आण." नव्या शैलीत ते झालं, 'माझ्या पाककौशल्याविषयी असमाधान व्यक्त करूनही त्यांनी भोजनाची इच्छा दर्शवली.' मी ते वाचलं, सगळं पुसून टाकलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

मग बाणेरला गेले. निनाद सरांनी प्रेमानं कॉफी मागवली, सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "अगं, पण मी जाहीर कसं सांगू? माझा सगळा डोलारा अस्सलपणावर उभाय."

"म्हणूनच तर सांगा ना, सर."

"लोकांना नाही कळणार ते. धंद्यात सगळेच लिहून घेतात, पण बोलतं कोण?" मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. हा चेहरा मी ओळखते. काहीतरी भयंकर सुचलं की ते असे दिसतात. "आपण एक करू. पुस्तक माझ्या नावानं काढू! सासू-सून या नात्याकडे पुरुषाच्या नजरेतून. कोणी केलेलंच नाहीये असं. ऋणनिर्देशात तुझं नाव पहिलं."

"सर, ती माझी सासू आहे."

"गोष्ट सगळ्यांची असते, तृप्ती."

हेही माझंच वाक्य. माझ्या तोंडावर फेकलेलं. मी कॉफी तशीच ठेवून उठले.

घरी हेमंत भाजी निवडत बसला होता. सगळं ऐकून म्हणाला, "मग काढू दे ना त्यांच्या नावानं. पुस्तक तर येईल. आईबद्दल लोक वाचतील. नावाचं एवढं काय घेऊन बसलीस? नऊ वर्षं कुठे होतं नाव?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नऊ वर्षं मी लोणची आणि विमे विकले, हेमंत! तुझी आई नाही विकली. तिनं शेवटी माझा हात धरला होता, त्या माणसाचा नाही. उद्या लोक त्याला विचारतील, तुमच्या सासूबाई कशा होत्या हो, आणि तो सांगेल! डोळ्यांत पाणी आणून सांगेल!"

मी धुसफुसत त्याच्याबरोबर शेंगा सोलायला बसले. मग हेमंत हळूच म्हणाला, "पण काय गंमत आहे बघ. तू काहीही लिहिलंस तरी यंत्र म्हणणार ते त्यानंच लिहिलंय."

तो सहज बोलून गेला. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

काहीही लिहिलं तरी?

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीचा व्हॉइस मेसेज आला. "तृप्ती, कालचं मनावर घेऊ नकोस. आज प्रामाणिकपणावर काहीतरी टाक ना."

टाकलं. त्यांच्याच खात्यावरून, नेहमीच्या वेळेला. 'मी, निनाद देवस्थळी, आज एक गोष्ट कबूल करणार आहे. गेली नऊ वर्षं तुम्ही जो आवाज माझा म्हणून ऐकलात तो माझा नाही. तो तृप्ती घोरपडे यांचा आहे. माझ्या नावाने नोंदलेला ठसा त्यांना देण्यात यावा.' असं खोटं निवेदन, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा. त्यांच्या नावानं लिहिलेल्यातलं सगळ्यात चांगलं तेच असावं. वर पट्टी झळकली, हिरवीगार. जुळणी नव्व्याण्णव टक्के.

त्यांनी घाईघाईनं खुलासा केला. स्वतः, स्वतःच्या हातानं. 'वरील पोस्ट मी केलेली नाही. हे कृत्य खोडसाळ आहे.' लाल पट्टी! जुळणी नऊ टक्के. खाली लोकांचा पाऊस. 'सरांचं खातं कोणीतरी पळवलंय.' 'सर इतके गचाळ कधीच लिहीत नाहीत.' एकानं तर लिहिलं, 'सरांची कबुली दाबायला बघतायत, आम्ही सरांच्या पाठीशी आहोत.' मी एकटीच घरात इतकी हसले की शेजारच्या काकूंनी बेल वाजवून चौकशी केली. माझ्यावर खटलाही करता येईना, कारण त्यासाठी 'हे तृप्तीनं लिहिलं' असं म्हणावं लागलं असतं, आणि मी तरी दुसरं काय म्हणत होते?

मंडळाच्या यंत्रानं ठसा माझ्या नावावर केला. पापड, बहीण, सासूबाई, सगळं हिरवं झालं. मी उर्मिलाताईंना फोन केला, शिरा केला, हेमंतला मिठी मारली.

संध्याकाळी सगळं परत लाल.

ठसा आता माझा म्हटल्यावर यंत्रानं त्या ठशातलं सगळं लेखन नव्यानं तपासलं. त्यात ती कबुलीही आली. यंत्र म्हणालं, ही तर तृप्तीनं निनादच्या नावानं लिहिलीय, म्हणजे बनावट, म्हणजे रद्द. कबुली रद्द, म्हणून ठसा परत निनादचा. ठसा निनादचा, म्हणजे कबुली खरीच त्याची. कबुली खरी, म्हणजे ठसा तृप्तीचा. आणि पुन्हा पहिल्यापासून. सासूबाई सकाळी माझ्या, दुपारी त्यांच्या. फोनकडे बघून बघून माझ्यावर वेडी व्हायची पाळी आली.

शेवटी मंडळातून एका खऱ्याखुऱ्या माणसाचा फोन आला. कदम म्हणून होते. बिचारे आमच्याइतकेच कावलेले. "मॅडम, यंत्र नुसतं गरगरतंय. तुमचे दोघांचेही ठसे गोठवलेत. सगळीकडे लाल लागणार."

"मग यातून सुटका कशी?"

"निवेदन दुसऱ्या ठशात पाहिजे. म्हणजे देवस्थळी साहेबांनी स्वतः लिहिलेलं. अगदी स्वतः. त्यात तुमचा एक शब्द जरी सापडला ना, तर परत चक्र सुरू."

मी हात टेकले. तो माणूस स्वतः लिहिणार? आणि तेही हे?

पण आला. रविवारी दुपारी, न कळवता. दाढी वाढलेली, अंगात घरातला सदरा. माझा चांगलं तोंडसुख घ्यायचा बेत होता, पण त्यांचा चेहरा बघून मी आधी पाणी दिलं.

"रेवाचं लग्न ठरलंय," ते म्हणाले. रेवा त्यांची एकुलती एक मुलगी. "मी सगळ्या नातेवाइकांना निमंत्रण पाठवलं. सगळीकडे लाल पट्टी लागून गेलं. कोणी उत्तर देईना. काल व्याह्यांचा फोन आला, म्हणाले, लग्न मोडायचं असेल तर तोंडावर सांगा, असले खोटे निरोप कशाला? रेवा माझ्याशी बोलत नाहीये. म्हणते, बाबा, तुमचं स्वतःचं असं काही आहे का?"

माझा राग जरा खाली बसला. पूर्ण नाही, जरासा.

"मग लिहा," मी म्हणाले. लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे सरकवला. "जे खरं आहे ते लिहा. निमंत्रणही त्यातच लिहा. एकदा नवा ठसा लागला की दोघंही सुटलो."

ते कोऱ्या पानाकडे बघत राहिले. एक शब्द टाइप केला, पुसला. परत टाइप केला, परत पुसला. आतून हेमंतच्या फोडणीचा वास यायला लागला तरी पान कोरंच. मग माझ्याकडे वळून अगदी सहज, रोजच्यासारखं म्हणाले, "तृप्ती, तूच लिहून दे ना. मी खाली नाव टाकतो."

मला हसावं की किंचाळावं कळेना. किंचाळलेच. "अहो, त्याच्यासाठीच तर बसलोय ना आपण इथे!"

"मला येत नाही गं." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "खरंच नाही येत. बोलता येतं मला. चार लोकांसमोर उभं केलं की मी काहीही बोलतो. लिहायला बसलं की आत काही नाहीच असं वाटतं. तू आलीस तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं."

नऊ वर्षांत स्वतःबद्दल खरं असं ते पहिल्यांदाच बोलले होते. मी खुर्ची ओढून शेजारी बसले.

"निनाद, लिही," मी म्हणाले. सर बिर सगळं गळून पडलं आणि दोघांनाही ते जाणवलं. "वाईट लिही. मी हात लावणार नाही."

तो लिहायला लागला. एका बोटानं. पहिल्याच ओळीत शब्द नको तिथे जाऊन बसला आणि माझा हात आपोआप पुढे गेला. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. पुढचं वाक्य मध्येच लंगडलं. मी ओठ चावला. नऊ वर्षांची सवय अशी जाते होय? समोर वाकडं वाक्य आहे, नुसतं बोट लावलं तर सरळ होईल, आणि लावायचं नाही! इतका छळ तर सासूबाईंनीही केला नव्हता.

शेवटी त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली.

'मी निनाद देवस्थळी. मला लिहिता येत नाही. म्हणजे बोलता येतं पण लिहिलं की माझं वाटत नाही. नऊ वर्षं माझ्या नावाने जे आलं ते तृप्तीने लिहिलं आहे सगळं. मी गाडीतून विषय सांगायचो, कधी तेही नाही. समितीत मला माहीत होतं तरी बोललो नाही. तिच्या सासूबाई त्या तिच्याच आहेत. मी जेवायला गेलो तेव्हा फोनवर होतो, चव आठवत नाही. रेवाचं लग्न आहे ते खरं आहे. मी तिचा बाबा आहे हे पण. सगळ्यांनी यावे ही विनंती आणि राग नको.'

"काही बदलू?" त्यानं विचारलं.

माझ्या डोक्यात त्यातली निम्मी वाक्यं आधीच दुरुस्त होऊन बसली होती. "काही नको," मी म्हणाले. मांड्यांखालचे हात मी अजून बाहेर काढले नव्हते.

त्यानं बटण दाबलं. फिरतं चक्र आलं, थांबलं, परत फिरलं. मग पट्टी उमटली, हिरवी. 'नवा ठसा नोंदवला. लेखक: निनाद देवस्थळी.' त्यानं ती ओळ दोनदा मोठ्यानं वाचली. थोड्या वेळानं त्याचा फोन वाजला. त्यानं नाव बघितलं आणि घाईघाईनं बाल्कनीत गेला. "हो गं रेवा, मीच. मीच लिहिलं. खरंच," एवढंच ऐकू आलं.

माझा फोन टेबलावर थरथरला. मंडळाचा निरोप होता. 'एका गॅसवर दोघी. लेखिका: तृप्ती घोरपडे.'

हेमंत झारा हातात घेऊन दारात आला. "काय झालं?"

"आई परत आल्या," मी म्हणाले.

तो आत गेला. त्यानं गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून रडायला लागला. मी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले. आमटी चाखली. गूळ जास्त झाला होता, अगदी त्यांना हवा होता तेवढा.